झालेला निवाडा आणि पुन्हा तोच दावा

महोत्सवी स्मरणिकेत संस्थेचा वृत्तान्त असावा, आश्रयदात्यांची नामावली असावी, दिवंगत कार्यकर्त्यांचे स्मरण असावे. त्यात कायद्यावरचा लेख कशासाठी, असे काही सभासदांच्या मनात सहज येईल. परंतु ज्या संस्थांनी दोन-तीन पिढ्या पाहिल्या आहेत त्यांच्या चालकांना एक गोष्ट ठाऊक असते. संस्था जशा पैशाच्या अभावी खंगतात, तशाच कोर्टकज्ज्यांनीही खंगतात. त्यांतही जमिनीचा किंवा भाड्याचा दावा एकदा संपला की संपतो. अब्रूचा दावा मात्र संपून संपत नाही. निकाल लागला तरी अपमान झाल्याची भावना मनात तशीच राहते, आणि मग तोच विषय दुसऱ्या शब्दांत, दुसऱ्या माणसाविरुद्ध, दुसऱ्या कोर्टात पुन्हा उभा राहतो. ज्या पैशातून चार मुलांच्या शिष्यवृत्त्या निघावयाच्या तो वकिलांच्या फीत आणि तारखांच्या हेलपाट्यांत जातो.

एकदा ठरलेल्या गोष्टीवर पुन्हा दावा लावता येतो काय, येत असल्यास कुठवर, आणि न येणारा दावा कोणी लावलाच तर काय करावे, एवढ्याच प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

जुने तत्त्व

झालेल्या न्यायाचा पुन्हा न्याय मागू नये, हे तत्त्व इंग्रजांनी आपल्याकडे आणले असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाही. आपल्या धर्मशास्त्रात प्रतिवादीला देता येणारी उत्तरे चार प्रकारची सांगितली आहेत. वादीचे म्हणणे कबूल करणे. ते खोटे आहे असे सांगणे. ते खरे मानून दुसरे काही कारण पुढे करणे. आणि ‘या गोष्टीचा निवाडा पूर्वीच झाला आहे’ असे म्हणणे. या चौथ्या उत्तराला प्राङ्न्याय म्हणतात. कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात विज्ञानेश्वराने लिहिलेल्या मिताक्षरेत या उत्तराचा विचार आला असून, प्राङ्न्याय सांगणाऱ्याने जयपत्र दाखवावे किंवा आधीचा न्याय पाहिलेल्या माणसांकडून तो शाबीत करावा, असेही तेथे सांगितले आहे. जयपत्र म्हणजे जिंकणाऱ्यास मिळालेला लेखी निवाडा.

मराठेशाहीत हीच गोष्ट व्यवहारात दिसते. गोतसभेपुढे किंवा दिवाणात वतनाचा वाद तुटला म्हणजे जिंकणाऱ्यास निवाडपत्र मिळे व त्याजकडून हरकी घेतली जाई. हरणाऱ्याकडून गुन्हेगारी घेतली जाई, आणि शिवाय यजितखत लिहून घेतले जाई. या वतनाशी आपला संबंध नाही, पुढे कथळा केल्यास आपण दिवाणाचे व गोताचे गुन्हेगार, अशा आशयाचा तो कागद असे. आपल्या हाताने पराभव लिहून देणाऱ्यास पुन्हा तोच वाद मांडणे अवघड होई.

१९१६ साली प्रिव्ही कौन्सिलपुढे हा प्रश्न आला तेव्हा न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेंकिन्स यांनी, हा नियम हिंदुस्थानात परका नाही, हे दाखविण्यासाठी मिताक्षरेचाच हवाला दिला. हे जेंकिन्स पूर्वी मुंबईस मुख्य न्यायाधीश होते. त्यांचा संबंध पुढे आणखी एका प्रकरणात येणार आहे.

कलम ११ काय सांगते

सध्याचा नियम १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ११ मध्ये आहे. तो लागू होण्यास पाच गोष्टी जुळाव्या लागतात. दोन्ही दाव्यांतील मुख्य मुद्दा एकच असावा. पक्षकार तेच असावेत, किंवा त्यांच्याकडून हक्क सांगणारे असावेत. ते त्याच नात्याने भांडत असावेत. पहिले कोर्ट तो प्रश्न ठरविण्यास अधिकारी असावे. आणि तो मुद्दा ऐकून घेऊन अखेरचा ठरविलेला असावा. यांतील एक जरी गोष्ट कमी पडली तरी कलमाचा आधार डळमळतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका संस्थेच्या सभासदाने पत्रक छापून वाटले की, सभागृहाच्या निधीतील रक्कम खजिनदारांनी आपल्या धंद्यात फिरविली. खजिनदारांनी त्याच्यावर अब्रूनुकसानीचा दावा लावला. कोर्टाने वह्या पाहिल्या, साक्षी ऐकल्या आणि पत्रकातील विधान खरे आहे असे ठरवून दावा काढून टाकला. आता खजिनदार म्हणतात, ‘पत्रकाचे राहू द्या; हाच सभासद त्याच महिन्यात वार्षिक सभेतही तसेच बोलला होता. त्या भाषणाबद्दल मी निराळा दावा लावतो.’

वरवर पाहता हा दावा नवा आहे. पत्रक वेगळे, भाषण वेगळे. परंतु कलम ११ चा रोख जसा दाव्यावर आहे तसाच मुद्द्यावरही आहे. ‘रक्कम फिरविली काय?’ हा प्रश्न या दोघांच्या दरम्यान ठरलेला आहे. तो पुन्हा काढता येणार नाही. तो गेला म्हणजे दुसऱ्या दाव्यात जीव राहत नाही. पुढे खजिनदार म्हणाले की, ‘एक महत्त्वाची पावती तेव्हा दाखवावयाची राहिली,’ तरी तेवढ्याने मार्ग मोकळा होत नाही. जे म्हणणे पहिल्या वेळी मांडता आले असते व मांडावयास हवे होते ते मांडलेच होते, असे कायदा समजतो. त्याचप्रमाणे, आधी थोडी भरपाई मागितली म्हणून त्याच पत्रकाबद्दल आता उरलेली मागावयाची, हेही चालत नाही. एका कारणाची सर्व मागणी एकाच दाव्यात करावी असा संहितेचा निराळा नियम आहे.

आता याच उदाहरणात किंचित बदल करू. समजा, पहिला दावा मुदतीबाहेर म्हणून निघाला. अब्रूनुकसानीच्या दिवाणी दाव्याची मुदत १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे अवघी एक वर्ष आहे, आणि पुष्कळ दावे येथेच अडखळतात. अशा वेळी त्या पत्रकावरचा दावा संपला हे खरे. पण रक्कम फिरविली की नाही हे कोर्टाने ठरविलेलेच नाही. ‘कोर्टाने आमचे म्हणणे खरे ठरविले’ असे त्या सभासदाने सांगत फिरणे चुकीचे आणि धोक्याचेही होईल. निकालाचा फक्त शेवट वाचू नये. कोर्टाने कोणते मुद्दे काढले आणि प्रत्येकाचे उत्तर काय दिले ते वाचावे. सगळी किल्ली तेथे आहे.

कुंपणातील फटी

अब्रूनुकसानीच्या बाबतीत या कुंपणाला तीन फटी आहेत.

पहिली फट पुनःप्रकाशनाची. जुन्या इंग्रजी कायद्याप्रमाणे मजकूर जितक्या वेळा दुसऱ्याच्या हाती पडेल तितक्या वेळा नवे प्रकाशन झाले व दाव्याला नवे कारण मिळाले असे मानीत. याचे प्रसिद्ध उदाहरण ब्रन्सविकच्या ड्यूकचे. लंडनच्या एका साप्ताहिकात १८३० साली त्याच्याविषयी मजकूर आला होता. मुदत सहा वर्षांची. ती केव्हाच संपली. सतरा वर्षे लोटल्यावर ड्यूकने आपला माणूस साप्ताहिकाच्या कचेरीत पाठवून त्या जुन्या अंकाची प्रत विकत आणविली, आणि ही विक्री म्हणजे नवे प्रकाशन असे म्हणून दावा लावला. १८४९ साली कोर्टाने त्याचे म्हणणे मान्य केले! म्हणजे ज्याला भांडावयाचे आहे त्याने जुना अंक विकत घ्यावा की झाले. इंग्लंडात हा नियम २०१३ च्या कायद्याने बदलला. एकाच प्रकाशकाने तोच मजकूर पुन्हा छापला तरी मुदत पहिल्या प्रकाशनापासून मोजावयाची, असे आता तेथे आहे. आपल्याकडे असे स्पष्ट कलम नाही; तथापि संगणकावर टिकून राहणाऱ्या मजकुराच्या बाबतीत दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ साली पहिल्या प्रकाशनापासूनच मुदत धरण्याचा मार्ग पत्करला. जाणूनबुजून केलेले नवे प्रकाशन मात्र नव्या दाव्याला कारण देऊ शकते, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

दुसरी फट पक्षकारांची. निकाल बांधतो तो त्या खटल्यातील पक्षांना, तिऱ्हाइताला नाही. याचे उदाहरण प्रत्येक मराठी घराला परिचित आहे. पुण्याचे सरदार बाबा महाराज १८९७ साली वारले. त्यांच्या मृत्युपत्राप्रमाणे व्यवस्था पाहणाऱ्यांत लोकमान्य टिळक होते. त्यांच्या विधवा पत्नी ताई महाराज यांनी १९०१ साली औरंगाबादेस दत्तक घेतला की नाही, यावरून जो वाद पेटला तो चौदा वर्षे चालला. टिळकांवर खोटी साक्ष दिल्याबद्दल फौजदारी खटला झाला, शिक्षाही झाली, आणि १९०४ साली उच्च न्यायालयात जेंकिन्स यांच्यापुढे ते निर्दोष ठरले. दिवाणी दाव्यात पहिल्या कोर्टाने दत्तक खरा ठरविला, १९१० साली उच्च न्यायालयाने तो खोटा ठरविला, आणि १९१५ साली प्रिव्ही कौन्सिलने पुन्हा खरा ठरविला. येथे वाद संपला असे कोणासही वाटेल.

परंतु मध्यंतरी १९१० साली व्हॅलेंटाइन चिरोल यांचा हिंदी असंतोषावरील इंग्रजी ग्रंथ निघाला होता. त्यातील ज्या मजकुराबद्दल टिळकांनी लंडनमध्ये अब्रूनुकसानीचा दावा लावला, त्यात ताई महाराज प्रकरणाविषयीचा मजकूरही होता. १९१९ च्या जानेवारी-फेब्रुवारीत न्यायमूर्ती डार्लिंग व ज्यूरी यांच्यापुढे तो चालला. सर्वोच्च कोर्टाचा निकाल टिळकांच्या बाजूचा असूनही ते सगळे प्रकरण पुन्हा उकरले गेले, आणि दाव्यात ते हरले. चिरोल त्या दत्तकाच्या दाव्यात पक्षकार नव्हते. तेथील निकाल त्यांना बांधणारा नव्हता. त्या ज्यूरीच्या मनाचा कल काय होता हा निराळा विषय आहे. पण एकाविरुद्ध मिळविलेले जयपत्र दुसऱ्यापुढे ढालीसारखे धरता येत नाही, हे या प्रकरणावरून शिकावे.

या नियमाला एक महत्त्वाचा अपवाद संस्थांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. अनेकांच्या समाईक किंवा सार्वजनिक हक्कासाठी प्रामाणिकपणे चालविलेल्या दाव्याचा निकाल, त्या हक्कात हिस्सा असणाऱ्या इतरांसही बांधतो. सार्वजनिक न्यासाच्या कारभाराबद्दल संहितेच्या कलम ९२ खाली होणारा दावा या जातीचा असतो.

तिसरी फट दिवाणी आणि फौजदारी या दोन वाटांची. अब्रूनुकसानी हा आपल्याकडे गुन्हाही आहे. पूर्वी तो दंडसंहितेच्या कलम ४९९ व ५०० मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. या दोन वाटा स्वतंत्र आहेत. फौजदारीत सुटका झाली म्हणून दिवाणी दावा आपोआप अडत नाही, कारण दोहोंतील पुराव्याचे माप निराळे. मात्र एकाच गुन्ह्याबद्दल एकदा खटला चालून सुटका किंवा शिक्षा झाली असेल, तर त्याच गुन्ह्याबद्दल पुन्हा खटला चालत नाही. फिर्याद सुरुवातीलाच काढून टाकली असेल, तर दुसरी फिर्याद सर्वस्वी मना नाही. पण अगदी अपवादात्मक परिस्थितीतच ती घ्यावी असे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली सांगितले आहे.

एका कैद्याचा दावा

या फटींतून किती मोठा गाडा जाऊ शकतो याचे उदाहरण इंग्लंडात घडले. आल्फ्रेड हाइंड्स नावाच्या इसमास लंडनच्या एका फर्निचरच्या दुकानातील तिजोरी फोडल्याबद्दल १९५३ साली शिक्षा झाली. आपण निर्दोष आहो असे तो सतत म्हणे, आणि तीनदा कैदेतून निसटला. पुढे त्याला पकडणाऱ्या, निवृत्त झालेल्या पोलीस अधिकाऱ्याने वृत्तपत्रात लिहिले की, हाइंड्स दोषीच होता. त्यावर हाइंड्सने अब्रूनुकसानीचा दावा लावला. पहिला खटला सरकार विरुद्ध हाइंड्स असा होता. पोलीस अधिकारी त्यात पक्षकार नव्हता. त्यामुळे हा माणूस दोषी होता हे त्या अधिकाऱ्याने आरंभापासून शाबीत करावे असे झाले. १९६४ साली ज्यूरीने हाइंड्सला तेराशे पौंड भरपाई दिली. फौजदारी शिक्षा मात्र कायमच राहिली. एका कोर्टाच्या लेखी तो चोर, दुसऱ्याच्या लेखी त्याला चोर म्हणणारा दोषी!

यावर १९६८ साली तेथे कायदा झाला की, अब्रूनुकसानीच्या दाव्यात, एखाद्यास गुन्ह्याबद्दल शिक्षा झाल्याचे सिद्ध झाले म्हणजे त्याने तो गुन्हा केला याचा तो निर्णायक पुरावा समजावा. गुन्हेगाराने अब्रूच्या दाव्याच्या निमित्ताने आपला खटला पुन्हा चालवून घेण्याची वाट अशी बंद झाली. आपल्याकडे असे कलम नाही.

उपाय

मग आपल्याकडे ज्याच्यावर पुन्हा तोच दावा येतो त्याने काय करावे?

पहिली गोष्ट, कैफियतीतच प्राङ्न्यायाचे म्हणणे स्पष्ट मांडावे. ते मांडलेच नाही तर सोडून दिले असे धरले जाऊ शकते. आणि नुसते म्हणून भागत नाही. मिताक्षरेने जे जयपत्राबद्दल सांगितले तेच आजही लागू आहे. पहिल्या दाव्याची दावाअर्जी, कैफियत, मुद्दे, निकाल आणि हुकूमनामा यांच्या प्रमाणित नकला हजर कराव्यात. पुष्कळांना वाटते की, अर्ज देताच कोर्ट दावाअर्जी फेटाळील. परंतु सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातून आलेल्या एका मिळकतीच्या प्रकरणात २०२१ साली सांगितले आहे की, प्राङ्न्याय ठरविण्यास आधीच्या दाव्याचे कागद तपासावे लागतात, म्हणून केवळ नवी दावाअर्जी वाचून तेवढ्यावर ती फेटाळणे साधारणतः योग्य नाही.

दुसरी गोष्ट, पक्षकार बदलल्यामुळे कलम ११ नेमके लागू पडत नसले तरी न्यायालये हतबल नाहीत. आपल्याविरुद्ध ठरलेला प्रश्न पुन्हा उकरणे हा न्यायालयाच्या कामकाजाचा दुरुपयोग असून, प्राङ्न्यायाची बाधा येवो वा न येवो, असा दावा रोखता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली म्हटले आहे. खोट्या किंवा त्रासदायक दाव्याबद्दल विशेष खर्च देवविण्याचीही तरतूद आहे. मात्र संहितेच्या कलम ३५-अ ची मर्यादा तीन हजार रुपयांची असल्याने तिचा धाक आता फारसा राहिलेला नाही.

तिसरा उपाय सर्वांत कडक. वारंवार आणि निष्कारण दावे लावण्याची ज्याला खोडच आहे, त्याच्यासाठी इंग्लंडात १८९६ साली कायदा झाला. त्या धर्तीवर मद्रासने १९४९ साली कायदा केला, आणि असा कायदा घटनेस धरून आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९६५ साली ठरविले. महाराष्ट्राने १९७१ साली व आपल्या मध्य प्रदेशाने २०१५ साली तसे कायदे केले. त्यांप्रमाणे महाधिवक्त्यांच्या अर्जावरून उच्च न्यायालय त्या माणसाला परवानगीवाचून दावा लावण्यास मनाई करू शकते. येथे दार कायमचे बंद होत नाही, दारावर राखणदार बसतो. ज्याचे गाऱ्हाणे खरे असेल त्याला परवानगी मिळते. साऱ्या देशासाठी असा एकच कायदा करावा अशी शिफारस विधी आयोगाने २००५ च्या अहवालात केली होती.

जिंकणाऱ्याचेही कर्तव्य

येथवर हरलेल्याविषयी झाले. आता जिंकलेल्याविषयी. आपल्या उदाहरणातील संस्थेने निकालाचा वृत्तान्त वार्षिक अहवालात छापला, तर त्यात गैर नाही. न्यायालयाच्या कामकाजाचा व निकालाचा खरा वृत्तान्त देणे हा गुन्हा नव्हे, असा अपवाद कायद्यातच आहे. परंतु निकालात ‘रक्कम धंद्यात फिरविली’ एवढेच असता अहवालात ‘संस्था लुटली’, ‘घरे बांधली’ असे छापले, तर ती निकालाबाहेरची नवी विधाने झाली. ती कोणी ठरविलेली नाहीत. त्यांच्यावर नवा दावा येऊ शकतो, आणि तो यावा हेच न्याय्य आहे. खजिनदार एका गोष्टीत दोषी ठरले म्हणून त्यांची सगळी अब्रू लोकांच्या हाती आली असे होत नाही. त्यांची मुलेबाळेही याच समाजात नांदतात, याच सभागृहात हळदीकुंकवाला आणि गणेशोत्सवाला येतात.

प्राङ्न्याय असा दोन्ही बाजूंना बांधतो. हरलेल्याने तोच प्रश्न पुन्हा काढू नये. जिंकलेल्याने उत्तराला आपल्या पदरचे शेपूट जोडू नये. नवा अपमान झाला तर नवी दाद मागण्याचा हक्क कोणाचाच जात नाही, आणि तो जाऊही नये.

संस्थेच्या चालकांस एवढेच सुचवावेसे वाटते की, संस्थेचा किंवा तिच्या पदाधिकाऱ्यांचा कोणताही दावा निकालात निघाला म्हणजे त्याच्या संपूर्ण नकला काढून दप्तरात ठेवाव्यात, आणि कोणता मुद्दा काय ठरला हे निकालाच्याच शब्दांत इतिवृत्तात नोंदवावे. विशेषणे घालू नयेत. आपल्या पूर्वजांनी महजर आणि निवाडपत्रे रुमालात बांधून पिढ्यान्‌पिढ्या जपली, घर बदलले, गाव बदलले, राज्य बदलले तरी टाकली नाहीत. कारण उद्या कोणी कथळा केला तर हा कागदच बोलेल, हे त्यांना माहीत होते. आपल्या संस्थेच्या कपाटातही असा एक रुमाल असावा.